फुप्पीचं सूचक मौन

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला वऱ्हाड आलं होतं.

चूक माझीच. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, असं मी घरी बोलून गेले. झालं! कसबा बावड्याहून रिक्षा भरभरून माणसं निघाली. अम्मीने बिर्याणीचं पातेलं घेतलं (परीक्षक उपाशी राहू नयेत!) आणि फुप्पी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, मलकापूरहून अत्तर लावून हजर झाली. खानदानातली पहिली डॉक्टर होणार होते मी. आणि नापास झाले, तर तेही वऱ्हाडासमोरच!

माझा विषय होता ‘ग्रामीण मुस्लिम स्त्रियांचं मौन’. भारदस्त! बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध उघडला.

“तिसरं प्रकरण उत्तम आहे. या ‘सहभागी ब’ तुमच्या प्रत्येक प्रश्नाला नुसतं ‘हूं’ म्हणतात. काय अर्थ लावता याचा?”

मी घसा खाकरला. “सर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दडपणातून आलेलं हे सूचक मौन...”

“अगं ए शबाना!” मागून फुप्पी उठली. “ती ब म्हंजे मीच की! सकाळच्या पारी आलतीस. तोंडात मिशेरी हुती माज्या! बोलू कसं?”

सगळे खो खो हसले. माझे मार्गदर्शक टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागले (बहुधा माझं भवितव्य).

“फुप्पी, खाली बस ना!”

“का बसू? खोटं हाय व्हय?”

परीक्षकांनी हात वर केला. “मग आता सांगा, बाई. तुम्ही गप्प का राहिलात?”

“गप? अवो पावणं, सातवीनंतर साळंतनं काढलं, तवा आख्खी गल्ली गोळा हुईस्तवर बोंबललो मी! कुनी ऐकलंच न्हाय, त्येला मी काय करू?”

आता कुणीच हसलं नाही. मला भडभडून आलं. कपाटभर पुस्तकं चाळली होती मी, पण फुप्पी मिशेरी थुंकून येईपर्यंत थांबायचं काही सुचलं नव्हतं.

पदवी मिळाली, तिसरं प्रकरण नव्याने लिहायच्या अटीवर. बिर्याणी खाता खाता परीक्षकांनी त्यांच्या विद्यापीठात व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. फुप्पीला!

“एकट्याच याल ना?” त्यांनी विचारलं.

“एकटी कशापायी?” फुप्पीने माझ्याकडे बोट दाखवलं. “पिशवी धराया ही डाक्टरीन हाय की!”