पाण्यातला बाळकृष्ण

सकाळी शेजारच्या कुसुमवहिनींकडे विरजण मागायला गेले, तर त्यांच्या देवघरातला पितळी बाळकृष्ण पातेल्यात, गळ्यापर्यंत पाण्यात. 'देव पाण्यात घालून बसणं' आपण बोलताना सहज वापरतो. खरोखर पाण्यात घातलेला देव मी पहिल्यांदाच पाहत होते.

वहिनींचे यजमान दवाखान्यात आहेत. "ते घरी येईपर्यंत हा बाहेर यायचा नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता, पण हट्टी मुलाला खोलीत कोंडणाऱ्या आईचा.

मला कुणी विचारलं तर मी सांगते, देव वगैरे नाही, पण कुठेतरी एक शक्ती आहे. असं म्हटलं की शहाणपणाचंही वाटतं आणि कुणी वादही घालत नाही. पण त्या शक्तीवर मला कधी रागावता आलेलं नाही. तिला काही मागायची वेळ आली, की बघायचं कुठे तेच कळत नाही. वहिनींना ते पक्कं ठाऊक आहे. रागवायला, अडवून धरायला त्यांच्यासमोर कुणीतरी आहे, हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगणारं.

वाटी घेऊन निघाले, तेव्हा वहिनी गॅसवरून भांडं उतरवत होत्या. मला वाटलं, चहाचं आधण. त्यांनी त्यात बोट बुडवून पाहिलं, पातेल्यातलं गार पाणी काढलं आणि हे कोमट पाणी बाळकृष्णावर हळूहळू ओतलं.

"गारठा किती आहे बघ," त्या म्हणाल्या. "बाधायचं त्याला."