मास्तरांनी कापड बंद केलं

शिवणाच्या कारखान्यात मास्तर म्हणजे कापड कापणारा माणूस. टेबलावर असेल तो कागदी पॅटर्न कापडावर ठेवायचा, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. पॅटर्न कुणी आणला, कशाला आणला, हे विचारायचं नाही! एकदा शेजारच्या कारखान्याचा पॅटर्न चुकून टेबलावर आला, तर आमच्या मास्तरांनी दुपारपर्यंत स्वतःचंच कापड कापून दुसऱ्याच्या बाह्यांचा ढीग लावला होता.

मास्तरांच्या बायकोला ताप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू आहे. त्याच्याकडे स्वतःची यंत्रं नसतात हो. तो पेशीत शिरतो, तुमच्या भाषेत सांगायचं तर आपला पॅटर्न पुढे करतो. मग पेशी स्वतःचाच माल वापरून त्याच्या प्रती काढत बसते. त्या बाहेर पडतात आणि दुसऱ्या पेशींत घुसतात."

मास्तरांना बाह्यांचा तो ढीग आठवला. कळलं, सगळं कळलं! इथेच घोळ झाला. कारण त्या दिवशी चूक कळताच कारखान्याच्या मालकाने आधी काय केलं होतं? टेबलावर येणारं कापड बंद केलं होतं.

घरी येताच त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "अगं, तू जेवलीस की माल त्यालाच मिळणार. नुसतं पाणी पी." तिने मुकाट्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी उठायला गेली तर पाय लटपटले आणि ती भिंत धरून खालीच बसली. मास्तरांनी धावत डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि माल कसा बंद केला ते सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "अहो, विषाणूशी लढणाऱ्या पेशीही त्याच मालातून तयार होतात! खाऊ घाला तिला."

मास्तर पार चक्रावले. एकाच ताटातलं चोरालाही आणि शिपायालाही? मग कुठला घास कुणाकडे गेला, हे कळायचं कसं?

संध्याकाळी मऊ भात कालवून ते तिच्या उशाशी बसले. चमचा अर्ध्यावरच थांबला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हा घास त्यालाच गेला तर?"

"अहो, द्या इकडे. मला कालपासून भूक लागलीय."

मास्तरांनी चमचा तिच्या हाती दिला. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय."