निमगावचा जुना हिरा आणि मला पडलेलं स्वप्न

भिगवणला लोक फ्लेमिंगो बघायला जातात. मी गेले त्या वाटेनं, पण डोक्यात एकच गोष्ट होती: हिऱ्याची अंगठी! माझा होणारा नवरा सुहास म्हणाला, "निमगाव केतकीच्या आत्यानं तुला बोलावलंय. तिच्याकडची जुनी अंगठी बघायला." मी पाचव्या मिनिटाला बॅग भरून दारात उभी.

जुन्या हिऱ्यांचं मला वेड आहे. आजचे हिरे मशीनवर घासलेले, दुकानातल्या दिव्यांखाली नुसते लखलखतात. जुने हाताने घासलेले. पैलू मोठे, थोडे वाकडेही. हात हलवला की आतून सावकाश लाल, निळा, केशरी उजेड फिरतो. असा हिरा मी आजवर फक्त फोनवर पाहिला होता.

पुण्याहून सोलापूर हायवेनं भिगवण साधारण दोन तास. तिथं उजनी धरणातली तळलेली चिलापी मासळी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका; थाळी तीनशेच्या आत बसते आणि रस्सा मागाल तितका. पुढं इंदापूरहून बारामती रस्त्याला वळलं की निमगाव. उसाच्या जोडट्रॉल्या पुढं असतील तर ओव्हरटेकची घाई नको. मी घाई करत होते, सुहास करत नव्हता, त्यावरून आमचं एक भांडणही झालं.

आत्यांनी डबी उघडली आणि मी अंगठी घेऊन थेट अंगणात पळाले. उन्हात धरली, सावलीत धरली, गोठ्याच्या दारात धरली. म्हैससुद्धा बघायला लागली.

"मधी भोक हाय बघ त्याला," आत्या म्हणाल्या.

भोक नव्हे ते! जुने कारागीर हिऱ्याचं खालचं टोक सपाट ठेवत, ते वरून तसं दिसतं. मला तर तेच सगळ्यात आवडलं.

"आवडून भागत न्हाय पोरी, हिरा लाभाया लागतो. आज उशाखाली घेऊन झोप. सकाळी सपान सांग, मग बघू."

झालं! आता स्वप्नाची परीक्षा. सुहासला गच्चीवर झोपायला पाठवलं होतं, जाताना तो कानात म्हणाला, "काहीही पडू दे, लक्ष्मी दिसली म्हणून सांग."

आणि स्वप्न काय पडावं? अंगठी बोटातून निसटून उजनीच्या पाण्यात बुडाली!

सकाळी आत्यांनी चहा पुढं केला. "काय दिसलं?"

"लक्ष्मी..." म्हणेपर्यंत माझा चेहरा पडला. मला खोटं जमत नाही. सगळं खरं सांगून टाकलं.

"पान्यात पडली? मग तू काय केलंस?"

"उडी मारली. साडीसकट."

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"म्हणजे मी नापास?" मी रडकुंडीला आले होते.

"अगं, परीक्षा हिऱ्याची असती, तुझी न्हवं. सपनाचं निमित्त. तुला पायजे का न्हाय, ते इचारायचं असतं. मला कुनी इचारलं न्हवतं. सासूबाईंनी बोटात घातली, झालं."

"तुम्हाला आवडली नव्हती?"

"लई आवडली हुती." त्यांनी चहावर फुंकर घातली. "पन इचारायला पायजे हुतं. आता सांग, पायजे का तुला?"

मी "हो" म्हणाले आणि त्यांना मिठीच मारली. चहा सांडला.

परतीला बारामतीत सराफाकडे अंगठी मापात करून घेतली. "नवीन पैलू पाडून देऊ का? चांगला चमकेल," असं ते म्हणताच मी हात पाठीमागे लपवला. अशी अंगठी तुम्हाला मिळाली तर एवढं लक्षात ठेवा: माप बदला, हिऱ्याला हात लावू देऊ नका.

संध्याकाळी पुण्यात, माझ्या घरी स्वयंपाकघरात आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. मी हात खिडकीकडे वळवून उजेड फिरवत होते. मनात मात्र आत्याच होत्या. आमचं लग्न घरच्यांनी कांदेपोह्यांवर ठरवलेलं. दोघांनाही पसंत, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

"सुहास," मी म्हटलं, "तू मला अजून विचारलेलंच नाहीस."

त्यानं कप खाली ठेवला. कान लाल झाले. मग नीट, पूर्ण वाक्यात विचारलं.

मी मुद्दाम माझा चहा संपेपर्यंत उत्तर दिलं नाही.