लटक्या वर्गातला पाठ

हिवाळ्यात वाऱ्याने तोंड फिरवलं की वाळत्या मिरचीचा खकाणा आमच्या अध्यापक विद्यालयाच्या वर्गात शिरतो, घसा धरतो, आणि खडूच्या धुळीने आधीच शिणलेल्या मला उगाचच म्हातारं झाल्यासारखं वाटतं. वीस वर्षं मी इथल्या छात्राध्यापक मंडळाचा मार्गदर्शक आहे. मंडळ म्हणजे उद्याच्या शिक्षकांनी स्वतःच चालवलेला संसार: स्वागत, निरोप, शिक्षकदिन, आणि दर शनिवारचा लटका वर्ग. एकाने गुरुजी व्हायचं, बाकीच्यांनी बाकांवर पहिलीची पोरं होऊन बसायचं. किती गुणी पोरं ती! प्रश्न संपण्याआधी हात वर, उत्तर मुखोद्गत, कारण ते आदल्या दिवशीच आपसात ठरलेलं! अशा आज्ञाधारक बाल्याला मी वर्षानुवर्षं 'उत्तम' असा शेरा देत आलो, याची आता लाज वाटते.

त्या शनिवारी हितेश उभा होता, शहाद्याकडच्या केळी-बागाईतदाराचा मुलगा. आठ दिवसांनी त्याचा परीक्षेचा पाठ सातपुड्यातल्या एका शाळेत व्हायचा होता. एकदा तो नापास झालेला. या खेपेलाही पाठ पडला तर गुरुजी होण्याचा नाद सोड आणि शेतात ये, असं घरून बजावलेलं. त्याने गाईचं चित्र टांगलं, गोड आवाजात प्रश्न विचारला. सगळे हात वर झाले, एक सोडून. तो जमनाचा. धडगावकडची, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी जमना मंडळाची चिटणीस होती. हितेशने तिलाच विचारलं. ती नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"सर, हाई काय करी ऱ्हायनी? मन्हा पाठ बिघाडी ऱ्हायनी!" तो माझ्याकडे वळून कळवळला.

"मी पहिलीतली पोरगी झाले," जमना म्हणाली. "तिथली पोरं अशीच बसतील. मीपण दोन वर्षं अशीच बसले होते."

आमच्या शास्त्रात प्रस्तावना आहे, प्रश्नकौशल्य आहे, फलकलेखन आहे. पण ज्या लेकराला गुरुजींचा एकही शब्द कळत नाही, त्याच्या मौनाला आमच्या पाठ तपासायच्या तक्त्यात रकाना कुठे आहे? गप्प बसणाऱ्यांकडे न पाहण्यातच माझी निम्मी नोकरी सरली होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"मंग तूच शिकाडी दखाड," हितेश म्हणाला आणि खडू ठेवून बाकावर जाऊन बसला. रागाने की शरण येऊन, कोण जाणे. मीही त्याच्या शेजारी बसलो.

जमना फळ्याशी गेली आणि पावरीतून शिकवू लागली. तिच्या स्वरात माया होती, हातात लय होती, आणि आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. मग तिने हसून मलाच काहीतरी विचारलं. साधाच प्रश्न असावा, पहिलीच्या लेकराला विचारावा तसा. सारा वर्ग माझ्याकडे बघू लागला. आणि शिकवावं कसं हे वीस वर्षं शिकवणारा मी, मान खाली घालून बाकाचं लाकूड नखाने खरवडत राहिलो.