निळ्या स्विचची परीक्षा

कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, की त्यातून पोह्याचा वाळलेला दाणा पडतो, पेन्सिलीचं साल पडतं, कोणाचा तरी केस पडतो. हे आत कधी गेलं, ते कोणालाच सांगता येत नाही. किस्से असेच साठतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. रोजच्या कामाच्या फटींतून ते खाली घरंगळत राहतात. आमचं कार्यालय मी आज उलटं करून झटकते आहे, एवढंच.

कार्यालय आमच्या हिंदीभाषक शहरातल्या विजय नगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. लोक आम्हांला बैठका, मुलाखती, भाषणं ध्वनिमुद्रित करून पाठवतात. आम्ही ती ऐकून टाइप करून देतो. मालक बन्सोड सर संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांचा भाचा गौरव ध्वनिमुद्रणातला गोंगाट काढून टाकतो आणि उरलेल्या वेळात, तसंच न उरलेल्या वेळातही, गेम खेळतो. सुनंदाताई मेश्राम टाइप करतात. आणि मी, भाषाशास्त्रातली पीएच.डी. पदरी असल्यामुळे, सगळ्यांचं तपासते. पुराव्याशिवाय काहीही मान्य न करणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल मला इथे पगारही मिळतो.

* * *

सुनंदाताईंचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी ताईंना कारकुनाची नोकरी मिळणार होती, पण एका अटीवर: हिंदी टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. पहिल्या वेळी त्या नापास झाल्या. दुसरी संधी शेवटची. ती हुकली की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर सासू आणि मुलीसह राहतात ते क्वार्टरही.

आमच्याकडे दिवसभर बिनचूक टाइप करणारी बाई नापास होतेच कशी, हे मला कळेना.

"मॅडम, तिथला कीबोर्ड भिजल्या पापडासारखा होता," ताई म्हणाल्या. "बटण दाबलं, अक्षर गेलं का नाही, समजतच नव्हतं. म्हणून मी सारं दोनदा दाबलं."

"सगळं?"

"शंका आली की माणूस दोनदाच दाबते ना."

या वेळी परीक्षेला स्वतःचा कीबोर्ड नेण्याची मुभा होती. हे ऐकताच गौरवने कानांवरचे हेडफोन काढले. आम्ही त्याला ओळखू लागल्यापासून ही घटना प्रथमच घडत होती.

"काकू, प्रॉब्लेम तुमचा नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "स्विचचा आहे."

* * *

मग त्याने आम्हांला बसवून समजावलं. चांगल्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. लाल स्विच लोण्यासारखा सरळ खाली जातो, तो गेमवाल्यांचा. निळा दाबला की मध्येच टक् असा आवाज करतो, तो लिहिणाऱ्यांचा. तपकिरी आवाज न करता बोटाला फक्त एक हलका अडथळा देतो. ज्यांचं नक्की ठरत नाही, त्यांचा. विवेचनात त्याने स्प्रिंगचा ताण, तेल, प्लास्टिकचे प्रकार आणि स्वतःच्या आयुष्यातल्या तीन निराशा यांचाही समावेश केला.

सुनंदाताईंनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि पास होणाऱ्यांचा कोणता असते?"

* * *

गौरव लाल स्विचचा भक्त. त्यामुळे पहिला प्रयोग लालचा झाला. त्याने आपला कीबोर्ड मोठ्या मनाने ताईंसमोर ठेवला.

ताई टाइपरायटरवर शिकलेल्या. बोटं बटणांवर टेकवून विचार करायची त्यांना सवय. गौरवचे स्विच इतके हलके, की त्यांना विचारही सहन होत नसे. डाव्या हाताचं मधलं बोट जिथे विसावतं तिथे त्यांच्या कीबोर्डवर 'क' येतो. एका संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण टाइप करताना ताई जिथे जिथे नीट ऐकायला थांबल्या, तिथे तिथे 'ककककक' उमटलं. मी त्या दिवशी रजेवर होते. बन्सोड सरांनी ते तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा स्वतःचा फोन आला. मी क्षमेची वाक्यं मनात जुळवून तयार ठेवली होती.

"मैडम," अध्यक्ष म्हणाले, "हम 'क' पर अटकते हैं, बचपन से. आज तक किसी ने इतने ध्यान से हमें सुना ही नहीं."

पुढच्या वर्षभराचं काम त्यांनी आम्हांला दिलं. लाल स्विच मात्र बाद झाला, कारण परीक्षक इतके भावनाशील असतील अशी खात्री कोणी देईना.

* * *

मला हे सगळं रंगपुराण एव्हाना संशयास्पद वाटू लागलं होतं. माणसाला आधी रंग सांगितला, की बोटांना तोच जाणवतो, असा माझा कयास होता. तो सिद्ध करायला मी एक चाचणी योजली. स्विच काढता-घालता येतील अशा एका छोट्या पट्टीवर तीन स्विच बसवले, वर टॉवेल घातला, आणि गौरवला त्याखाली हात घालून तिन्हींचं वर्णन करायला सांगितलं. तिन्ही स्विच तपकिरी होते, एकाच पाकिटातले. हे फक्त मला ठाऊक होतं.

गौरवने डोळे मिटले.

"पहिला थोडा कोरडा आहे," तो म्हणाला. "मधला... वा. मधल्यात ठहराव आहे. तिसरा दिखाऊ. वरून चांगला, आतून पोकळ."

मी टॉवेल ओढला आणि शक्य तितक्या संयमाने सांगितलं, की तिन्ही स्विच एकच आहेत.

गौरवने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. "पण त्यातल्या त्यात मधला बेस्ट आहे, मॅडम."

तो जेवायला गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि स्वतः टॉवेलखाली हात घातला. शास्त्रीय प्रामाणिकपणासाठी नोंदवते: मधला खरोखरच बरा होता.

* * *

निळ्याची पाळी सर्वांत शेवटी आली. ताईंनी एक बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. महिन्याभरात प्रथमच त्यांचा चेहरा सैल झाला.

"हा पहा, दाबलं की 'हो' म्हणते," त्या म्हणाल्या. "आता दोनदा विचारायची गरजच नाही."

गौरवने पूर्ण कीबोर्डला पुरतील इतके निळे स्विच मागवले. ते आले, आणि नेमके बन्सोड सरांच्या हाती पडले.

सरांचं सगळं आयुष्य मालाच्या तपासणीत गेलेलं. तपासल्याशिवाय माल पुढे जात नाही, आणि नमुना मोडेपर्यंत तपासणी पुरी होत नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं आहे. त्यांनी पाकीट घरी नेलं. पत्नीच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे खोडरबर लावलेली एक कांडी बसवली, खाली स्विच ठेवला आणि पायडल मारायला सुरुवात केली. पत्नीचे ब्लाउज आठवडाभर अर्धवट पडून राहिले.

सोमवारी सर प्रसन्न मुद्रेने आले.

"उत्कृष्ट माल," त्यांनी जाहीर केलं. "मी स्वतः पास केला. सुनंदाबाई, डोळे मिटून हाच घ्या."

"द्या ना मग," ताई म्हणाल्या.

सरांनी पाकीट टेबलावर रिकामं केलं. त्यातून निळ्या प्लास्टिकचे तुकडे आणि स्प्रिंगा पडल्या.

गौरवने बराच वेळ त्या ढिगाकडे पाहिलं. "मामा, ये तो सब शहीद हो गए."

"एका नमुन्यावरून लॉट पास करत नसतात, बेटा," सर म्हणाले.

परीक्षा जवळ येत चालली होती. गौरवने दुसरं पाकीट मागवलं आणि या वेळी पत्ता दातांच्या दवाखान्याचा दिला.

* * *

नवे स्विच आले. गौरवने ते एका कीबोर्डमध्ये बसवून ताईंना दिले. ताई रोज दुपारी लवकर घरी जाऊन क्वार्टरमध्ये सराव करू लागल्या. निळ्या स्विचचा आवाज भिंतींना जुमानत नाही. शेजारी एक गार्ड राहतात. त्यांच्या घरी तान्हं मूल. शेजारीण भांडायला येणार, या भीतीने ताई पहिले काही दिवस दाराकडे पाहतच टाइप करत होत्या.

शेजारीण आली, पण ज्या दिवशी ताईंनी सराव केला नाही त्या दिवशी.

"दीदी, आज टाइपिंग नहीं करोगी क्या?" ती अजिजीने म्हणाली. "मुन्ना कब से जाग रहा है. उसको टिक-टिक के बिना नींद नहीं आती अब."

ताईंच्या अंगात ताप होता. तरी त्या उठल्या आणि मूल झोपेपर्यंत त्यांनी उतारा टाइप केला. पुढे तर असं झालं, की वेग वाढवला की मूल चुळबुळायचं आणि एकाच लयीत टाइप केलं की गाढ झोपायचं. ताईंची लय अशी पक्की झाली, की मी तपासायला घड्याळ लावलं तेव्हा माझ्याच डोळ्यांवर पेंग आली.

"मॅडम, तुम्ही बी?" ताई म्हणाल्या. "आता परीक्षकाची काळजी लागली मले."

* * *

परीक्षेच्या आधीच्या रविवारी गौरव गोहलपूरच्या एका कॅफेत गेमच्या स्पर्धेला गेला आणि घाईत, स्वतःच्या कीबोर्डची आणि तेल घालायला ताईंनी दिलेल्या कीबोर्डची, अशा दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या पिशव्यांपैकी ताईंची घेऊन गेला. पहिल्याच फेरीत तो बाद झाला. तिथे कसा लपून बसण्याचा खेळ असतो. गौरव उत्तम लपला होता, पण त्याने बटण दाबलं की समोरच्याला कळायचं.

"स्क्रीनवर दिसत नव्हतो मी," तो हताशपणे सांगत होता. "पण तो पलीकडच्या खुर्चीवर कान लावून बसला होता. मी टक् केलं, की त्याने मारलं."

ताईंना त्याच्या हरण्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पिशवी उघडून प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहिलं. प्रत्येकाने 'हो' म्हटलं, तेव्हा कुठे त्या बसल्या.

पण गौरवच्या किस्स्याने एक नवीच धास्ती निर्माण केली. एवढ्या आवाजाचा कीबोर्ड परीक्षेच्या हॉलमध्ये चालू देतील का? बन्सोड सरांनी आत कापूस भरण्याचा सल्ला दिला. गौरव म्हणाला, अजूनही वेळ आहे, तपकिरी घ्या. मी, अर्थात, नियम वाचला. स्वतःचा कीबोर्ड आणावा, इतकंच त्यात होतं. आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या मते नियमात जे नाही त्याची मनाई नाही. परंतु परीक्षकाचं मत माझ्यासारखंच असेल, असा कोणताही पुरावा माझ्यापाशी नव्हता.

"काहून चिंता करून राहिले तुम्ही सारे?" ताई म्हणाल्या. "हाकलून दिलं तं भिजला पापड आहेच."

हे बोलताना त्यांचा हात मात्र पिशवीच्या बंदावर घट्ट आवळलेला होता.

* * *

परीक्षेच्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही कसलंही काम न करता बसून होतो. ताई जिना चढून आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं.

"हाकललं का?" सरांनी विचारलं.

"नाही. मी सुरू केलं तं परीक्षक माझ्याकडे आले. मले वाटलं, झालं आता, उठवते हा मले. पण ते बाजूला उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं, आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मंग मी मान वर केलीच नाही."

"मग?"

"मंग मधात माझ्या चष्म्यावर घाम आला. पुसायला थांबले. तं काय सांगू, मॅडम, सारी लाइन थांबली. इकडचे, तिकडचे, सारे. हात बटणांवर, आणि डोळे माझ्या चष्म्याकडे."

गौरवने हेडफोन खाली ठेवले.

"मी चष्मा लावला, पुन्हा सुरू केलं. तं सारे सुरू झाले."

"ताई, निकाल," मी म्हणाले.

"तिथेच स्क्रीनवर येते ना तो. पास." त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. सरांनी उगाच खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग ताई म्हणाल्या, "पण माझी सारी लाइन पास झाली, मॅडम. आणि साऱ्यांची स्पीड बी एकच. माझीच."

"हे अशक्य आहे," मी म्हणाले.

"मले बी तसंच वाटलं. स्क्रीन बंद करून बाहेर निघाले, तं माझ्या बाजूचा माणूस जिन्यात उभा. टक्कल पडलेला, माझ्यापेक्षा मोठा असेल वयाने. त्याने हात जोडले."

"आभार मानले?"

"नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "म्हणते, 'दीदी, अगली परीक्षा कौन सी दे रही हो?'"