सुलभाचा गळा

“तुला कशाला गं कोमट पाणी? तुमचे गळे ओरडून ओरडून निबर झालेले असतात,” गाण्याच्या बाई म्हणाल्या आणि ज्येष्ठमधाचं पाणी सुलभाच्या पेल्यात ओतलं. माझा हात पुढे झाला होता. मागे घेतला.

भंडाऱ्यातली गोष्ट. सत्तरचं दशक, मी बारा वर्षांची. जयंतीला वस्तीत गायले, ते ऐकून हेडमास्तरांनी बाईंकडे शब्द टाकला. वकिलांची सुलभा माझ्याच वर्गातली. ती आत सतरंजीवर बसायची, मी ओसरीत पोत्यावर.

सकाळी तिला आधी खर्ज. खालचे सूर, पोटात श्वास भरून, सावकाश, अर्धा तास. त्यानं गळा मोकळा होतो. मी ते ओसरीतून नुसतं ऐकायचं. मग मला हाक, आणि थेट वरचा सा. थंड गळ्यानं. शाळेच्या संमेलनात सुलभा गाणार होती. वरचा सा तिला झेपत नव्हता, आणि तिच्या गळ्याला ताण द्यायचा नव्हता. तेवढी जागा पडद्यामागून मी भरायची.

जळायची मी. तिच्या पेल्यावर, सतरंजीवर, सगळ्यात जास्त त्या खर्जावर. तिला खोकला व्हावा, आवाज बसावा, असं रोज मनात यायचं. लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही.

बसला तो माझाच आवाज. घरी मायला हाक मारली तर नुसती हवा निघाली.

“काहून वो, गळा बसला का तुहा?” माय चुलीपुढून उठली. “बाईले सांगितलं नाही?”

सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “दोन दिवस राहिलेत. ओढून ने.”

दोन दिवस मी शाळा बुडवली, कोणाशी बोलले नाही. ओसरीतून चोरलेला खर्ज तळ्याच्या पाळीवर बसून हळूहळू लावला. पोटात श्वास, खाली, अजून खाली. संमेलनाच्या दिवशी आवाज परत आला होता. माझा होता तो.

सुलभा अंतऱ्यावर आली. बाईंनी विंगेतून हात वर केला. मी तोंड मिटलं. सुलभा वर चढली, आवाज फाटला, थांबली.

बाई पडद्यामागे धावत आल्या. “गात का नाहीस?”

“माझा गळा जपून राहिली, बाई.”

दंडाला धरून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवसापासून ओसरीही बंद. पुढचं मी एकटीनं शिकले, चुकत, धडपडत.

ऐंशीच्या दशकात विहारामागच्या खोलीत मी क्लास काढला. पोरींना आधी कोमट पाणी, मग खर्ज, तो सगळ्यांना. सुलभाचा हेवा अजून गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही. परवा एका शाळेतून निरोप आला, पडद्यामागे गायला एक पोरगी द्या. मी सांगितलं, पोरगी मिळेल. पडदा काढा, मग या.