शस्त्रे असतील का? हो, पूजेसाठी

समस्त सज्जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या खंडेनवमीस प्रस्तुत लेखिकेने ऑस्ट्रेलियातील एका विद्यापीठात शस्त्रे आणणार असल्याची लेखी कबुली दिली, तीवर सही केली आणि खाली मोबाइल नंबरही लिहिला.

मी त्या विद्यापीठाच्या, इथल्या भाषेत युनीच्या, वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. खंडेनवमीला माझे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर घरी पाटावर मांडते, हळदकुंकू लावते. त्या वर्षी आमचे मराठी विद्यार्थी म्हणाले, मावशी, यंदा कॅम्पसवरच करू. खोली मिळवायला ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न आला, कार्यक्रमात शस्त्रे असतील का? आता नावच शस्त्रपूजन. तिथे ‘नाही’ लिहून मग देवीला ओवाळायचं कोणत्या तोंडाने? मी ‘हो’ निवडलं आणि शेजारच्या रकान्यात टाइप केलं, ‘अनेक. पूजेसाठी.’

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला होता. तो तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवतो. त्यांच्या राज्यात तीन वर्षांपासून परवाना असेल तर पिस्तूल कपड्यांखाली लपवून वर्गात नेता येतं, आणि हे महाशय नेतात. माझ्या लेकीला त्याच कॉलेजात मास्टर्सची ॲडमिशन मिळाली होती. होकार कळवायचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. मला तिथे तिला पाठवायचं नव्हतं, आणि मी तसं म्हणणारही नव्हते. एकवीस वर्षांच्या मुलीला जाऊ नको म्हटलं की ती त्याच दिवशी बॅग भरते.

खंडेनवमीला कॅम्पसवरच्या खोलीत आमची मांडामांड चालली होती; भाऊ मात्र सकाळपासून तिला पटवत होता.

“काही दिसत नाही गं,” तो झेंडूच्या माळा सोडवत म्हणाला. “कोटाखाली असतं. कुणाला त्रास नाही.”

“मग तुमच्याकडे खंडेनवमीला काय करता?” मी विचारलं. “कोटालाच कुंकू लावता?”

“ताई, चेष्टा सोड. तुम्ही इथे सगळे निःशस्त्र. उद्या कुणी माथेफिरू आत शिरला तर काय करशील?”

“पाना फेकून मारीन. नेम चांगला आहे माझा, तुझ्या कपाळाला विचार.”

त्याने नकळत कपाळ चोळलं. लेक हसली, पण फोनवरचं ते होकाराचं पान तिने बंद केलं नाही.

एवढ्यात दारात सिक्युरिटीचा माणूस उभा राहिला. साठीचा, धिप्पाड, हातात माझ्या फॉर्मची प्रिंट. त्याने पाटाकडे पाहिलं. मोजमापाचा व्हर्नियर, पकडी, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप, एकीचा स्टेथोस्कोप, सगळ्यांवर कुंकवाचे ठिपके. तो एकेका वस्तूची त्या कागदावर नोंद करत गेला आणि शेवटी विळीपाशी थबकला.

“आणि हे काय, लव्ह?”

“विळी. भाजी चिरायची, नारळ खवायचा. यावर बसतात.”

“पात्यावर?”

“फळीवर. पातं समोर असतं. सगळ्यांना दिसेल असं.”

तो म्हणाला, नो वरीज, पण कार्यक्रम संपेपर्यंत ही माझ्या ऑफिसात कपाटात ठेवतो, एवढं केलंत तर खोली तुमची. बिचारा सभ्यपणे बोलत होता. कुणीही शहाणी बाई ‘थँक यू’ म्हणाली असती. मी पदर खोचला आणि विळीवर बसले.

“आमच्यात पूजेचं हत्यार कपाटात ठेवत नाहीत,” मी म्हटलं. “त्याला पुसून, कुंकू लावून सगळ्यांसमोर मांडतात. ज्याला बघायचंय त्याने बघावं. खोली काढून घ्यायची तर घ्या, मी बाहेर लॉनवर मांडीन. पण लपवणार नाही.”

आणि त्याच्या देखत अर्धा नारळ खवून काढला. मुलांनी मोबाइल वर धरले होते. त्या माणसाने वाकून पात्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताटलीतलं खोबरं चिमटीत घेऊन खाल्लं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही उठाल तेव्हा पात्यावर काहीतरी झाका. बाकी चालू द्या.”

भावाला हे फारच मजेशीर वाटलं. “एका नारळाच्या सुरीसाठी एवढी चौकशी,” तो त्याला इंग्रजीत म्हणाला. “आमच्या कॅम्पसवर मी पिस्तूल घेऊन फिरतो, कुणी विचारत नाही.”

सिक्युरिटीवाला त्याच्याकडे वळला. “मग वर्गात कोणाकोणाकडे आहे ते तुम्हाला कसं कळतं, मेट?”

“कळत नाही. तेच तर. लपवलेलंच असतं.”

“विद्यार्थ्यांकडेही?”

“परवाना असेल तर. अर्थात.”

“हं,” तो म्हणाला, आणि आणखी एक चिमूट खोबरं घेऊन गेला.

मी निरांजन लावायला घेतलं. लेकीचा अंगठा स्क्रीनवर होता. तिने मान वर केली आणि आपल्या नेहमीच्या अर्ध्या इंग्रजीत अगदी सहज विचारलं, “मामा, मग तू कोणाला फेल केलंस की ते तुझ्या ऑफिसला येतात ना, मार्क्सवरून आर्ग्यू करायला? तेव्हा तू काय करतोस?”

भाऊ काडीने वाती सारख्या करत होता. उत्तर देताना त्याने वर पाहिलंच नाही.

“मी तीन वर्षांत कोणाला नापासच केलेलं नाही गं.”